खेकड्याचा डेंगा



पावसाळा लागला की वस्तीत कोणाच्या घरी खेकडे शिजत आहेत हे कोणाला विचारावे लागत नाही. वासच सांगतो. कोकणातून मुंबईला आलेल्या आपल्या लोकांना खेकड्याचे कौतुक नवे नाही. भातशेतातला मुठा असो की खाडीतली काळी चिंबोरी, हे गरिबाचे कालवण. त्याला पैसा पडत नसे. रात्री टेंभा घेऊन बांधावर जायचे, बिळात हात घालायचा, बोट फुटले तर हळद दाबायची आणि पुन्हा हात घालायचा. गावच्या शाळेत मात्र "काल घरी काय केले होते?" असे कोणी विचारले तर आम्ही बहिणी डाळ-भात सांगायचो. बांधावरचे खेकडे कोण खाते, हे त्या मुलींना बरोबर ठाऊक असे.

हाच खेकडा परदेशात केवढ्या मानाने मिरवतो, ते श्रीलंकेत पाहिले. त्याविषयी आज लिहिते.

२०२४ च्या जून महिन्यात आमच्या विहारातले अठ्ठावीस जण श्रीलंकेला गेलो. दोन वर्षे भिशी लावून पैसे जमवले होते. १९५० साली बाबासाहेब तिथल्या बौद्ध परिषदेला गेले होते, तो देश एकदा पाहावा ही आमच्या आईची फार दिवसांची इच्छा. आई बहात्तर वर्षांची. मुद्दाम पोसोन पौर्णिमा साधली. सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र या पौर्णिमेला मिहिंतले येथे धम्म घेऊन आले असे तिथले लोक मानतात. अनुराधपूरला पांढऱ्या कपड्यांतली माणसांची नदी वाहत होती. आणि रस्त्यारस्त्यावर दानसल! दानसल म्हणजे फुकट जेवणाचा मांडव. गावातले लोक वर्गणी काढून भात-भाजी रांधतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून बसवतात. जात नाही, गाव नाही, नाव विचारणे नाही. आई दोन ठिकाणी जेवली आणि तिसऱ्या ठिकाणी वाढायला उभी राहिली.

तिथून कोलंबोला आलो. माझा भाचा सिंगापूरला जहाजाच्या कारखान्यात कामाला आहे, तो आजीला भेटायला दोन दिवसांची रजा काढून आला होता. म्हणाला, "मावशी, आज आजीला मी जेवायला नेणार. खेकडे खायला." कोलंबोच्या फोर्ट भागात डच लोकांच्या काळातले, सतराव्या शतकातले एक इस्पितळ आहे. ती इमारत दुरुस्त करून तिथे दुकाने आणि हॉटेले केली आहेत. त्यातच 'मिनिस्ट्री ऑफ क्रॅब' हे हॉटेल डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाले. धर्शन मुनिदास या नामांकित आचाऱ्याने महेला जयवर्धने आणि कुमार संगकारा या क्रिकेटपटूंना बरोबर घेऊन ते काढले. खेकड्याचे मंत्रालय! आमच्या आईला हे नाव समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मंत्री कोण?"

निघण्यापूर्वी आमच्यातच वाद झाला. यात्रेतले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "दोन दिवसांपूर्वी अष्टशील घेतले आणि आज आपल्यासाठी जीव मारायला सांगायचा?" त्यांनी जीवक सुत्ताचा दाखला दिला. आपल्यासाठी प्राणी मारला असे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर भिक्खूने ते मांस घेऊ नये, असे त्यात सांगितले आहे. हा नियम भिक्खूंचा, पण पहिले शील तर आपण सगळेच घेतो. गुरुजींचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझे म्हणणे एवढेच की, बाजारातून जिवंत चिंबोऱ्या आणून स्वतःच्या हाताने नांग्या मोडणाऱ्या आपण बायका हा प्रश्न रोजच चुलीपाशी घेऊन बसलेल्या असतो. तो हॉटेलात गेल्याने नवीन उभा राहत नाही. गुरुजी आले नाहीत. आम्ही तिघे गेलो.

तिथे खेकडा वजनावर मिळतो. अर्ध्या किलोपासून सुरुवात, आणि दोन किलोच्या वरच्या खेकड्याला 'क्रॅबझिला' म्हणतात. भाच्याने किलोभराचा एक सांगितला, काळ्या मिरीतला. श्रीलंकेची मिरी नावाजलेली आहे. त्या एका खेकड्याच्या पैशात आमच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता. हे मी हिशेबाची माणूस म्हणून लिहिते, भाच्याला टोचायला नव्हे. त्याने घाम गाळून मिळवलेला पैसा आजीवर खर्च केला, त्यात वाईट काय?

शिजवण्याआधी त्यांनी दोरीने बांधलेला खेकडा दाखवला. आईने तो हातात मागून घेतला, उलटा केला आणि पोटाकडून अंगठ्याने दाबून पाहिला. वाढणारा मुलगा थक्क झाला. आई मला म्हणाली, "भरलेली आहे गं. पुनवेला भरलेली कशी?" आपल्याकडे अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ असे म्हणतात. खेकडा वाढताना जुने कवच टाकतो, नव्या कवचात तो काही आठवडे पाणचट असतो, मग मांस भरते. अशा महागड्या ठिकाणी पोकळ माल बाजूला काढून भरलेलाच ठेवत असणार. आईला त्यासाठी पुस्तक लागले नाही, अंगठा पुरला.

मग आमच्या गळ्यात एप्रन बांधले. आई म्हणाली, "हे लाळेरे कशाला?" कवच फोडायला अडकित्त्यासारखे एक हत्यार दिले होते. खेकडा आला तो परातीएवढ्या भांड्यात, आणि त्याचे डेंगे माझ्या मुठीहून मोठे. ज्यांना शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, डेंगा म्हणजे खेकड्याची पुढची मोठी नांगी. सगळे मांस तिथेच. आईने काय करावे? एक डेंगा उचलून भाच्याच्या ताटात घातला, दुसरा माझ्या, आणि स्वतः बारीक पाय चोखत बसली.

भाचा म्हणाला, "आजी, हा तुझ्यासाठी मागवलाय." ती म्हणाली, "मला पायच आवडतात."

बहिणींनो, मला हे माहीत आहे, तुम्हालाही असेल. आई रात्रभर बांधावर हिंडून खेकडे आणायची. त्यातले मोठे सकाळी खोताच्या वाड्यावर जायचे, कधी दोन शेर तांदळाच्या बदल्यात, कधी नुसतेच. उरलेल्यांचे डेंगे आजोबांना, वडिलांना, मग मुलग्यांना. आम्हा मुलींना पेंदे. आईला पाय आणि खालचा रस्सा. चाळीस वर्षे पायच खाल्ल्यावर पाय आवडणारच! मी डेंगा फोडून मांस तिच्या ताटात ठेवले आणि ती खाईपर्यंत माझा हात धुतला नाही. तिने खाल्ले. दोन घास झाल्यावर म्हणाली, "गोड आहे." तिसरा घास तिने न सांगता घेतला.

आता त्या देशाची गोष्ट ऐका. हे काळे खेकडे तिथल्या खाजणात, कांदळवनात होतात. पुत्तलम, नेगोंबो, जाफना या बाजूची माणसे चिखलात उतरून ते पकडतात. मोठा, भरलेला माल नांग्या बांधून जिवंत विमानाने सिंगापूरला जातो. भाचा सांगत होता, सिंगापूरच्या हॉटेलांत 'श्रीलंकन क्रॅब' असे नाव घेऊन तो विकतात. बेटावर राहायचा तो लहान, मोडका माल. आमच्या खेकड्याचा डेंगा आमच्याच देशात मिळत नाही, या खंतीतून हे हॉटेल निघाले असे त्याचे चालक सांगतात. चांगली गोष्ट आहे. पण तिथली टेबले पाहिली तर पर्यटक आणि पैसेवाले. २०२२ साली ज्या देशात लोक गॅस आणि पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगेत उभे राहिले, तिथला जाळे टाकणारा माणूस त्या दारातून आत कधी येणार? खेकडा सिंगापूरहून कोलंबोला परत आला, चिखलातल्या घरापर्यंत अजून पोहोचायचा आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावरही कांदळवन कक्षाच्या योजनेतून बचत गटांना खेकडे पाळण्याचे काम मिळते. खाडीकाठच्या आपल्या महिला मंडळांनी त्याची चौकशी जरूर करावी. माल कोणत्या वजनाचा, कोणाला आणि काय दराने विकायचा हे कागदावर आधी ठरवून घ्यावे. व्यापारी वजनाची प्रत लावून घेतो आणि आपल्याला नगावर पैसे देतो, असा अनुभव नको.

आणि ज्या भगिनी पुढे श्रीलंकेला जातील त्यांनी मोठ्या हॉटेलाचा हट्ट धरू नये. तिथल्या घरगुती खेकड्याच्या रश्शात नारळाचे दूध आणि शेवग्याचा पाला घालतात. आम्ही परत आल्यावर करून पाहिला. पाला अगदी शेवटी टाकावा, नाहीतर कडवटपणा येतो. डेंगे वाढण्याआधी बत्त्याने ठेचून घ्यावेत, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दात नसले तरी खाता येतात.