पंधरा दिवसांच्या गोळ्या

गेल्या रविवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर दादाचा (माझा आत्तेभाऊ, दातांचा डॉक्टर) मेसेज आला. यंदाही मेळघाटात आरोग्य शिबिर आहे, प्रत्येकाने यथाशक्ती पैसे द्यावेत. खाली सगळ्यांचे जोडलेले हात आणि फुलं. मी लिहिलं, "या वेळी मी देणार नाही." तेव्हापासून मावशी माझ्याशी बोलत नाहीये. तर मावशी, तू हा ब्लॉग वाचतेस हे मला ठाऊक आहे, आज जरा शेवटपर्यंत वाच.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर गेले होते, नावं लिहून घ्यायच्या टेबलावर बसायला. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीकडे जाणारा तो जंगलातला रस्ता... गाडीत भेंड्या, पुरीभाजीचे डबे आणि मागच्या सीटवर गुंडाळलेला फ्लेक्स. पोहोचलो तर शाळेच्या व्हरांड्यात माणसं आधीच बसलेली. बहुतेक सगळे कोरकू, काही तर डोंगर उतरून चालत आलेले. (कोरकू ही मराठीच्या गोतावळ्यातली भाषाच नव्हे, ती मुंडा कुळातली. आमच्या डॉक्टरांचं हिंदी आणि म्हाताऱ्यांचं कोरकू यांच्यामध्ये गावातली आशाताई दिवसभर एकटी उभी होती.)

दादाचं टेबल कोपऱ्यात. खुर्ची शाळेतली, उजेड कपाळावरच्या टॉर्चचा. एक माणूस आला, गाल सुजलेला. दाढ कित्येक महिने ठणकत होती, भाकरी एकाच बाजूने चावायचा. दादाने सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, दाढ काढली, कापूस दाबून तासभर समोर बसवून ठेवलं, मग सोडलं. दुपारी तो परत आला, बायकोला घेऊन. तिचीही दाढ दुखत होती.

आता बीपीचं टेबल. एका आजींचं बीपी जास्त लागलं. मोजलं एकदाच! दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजल्याशिवाय बीपी आहे असं सहसा म्हणत नाहीत, हे मलासुद्धा माहीत आहे. पण आजींच्या हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या पडल्या. मी विचारलं, "सोळाव्या दिवशी काय?" उत्तर मिळालं, "पुढच्या वर्षी येऊच की आपण." बीपीची गोळी बहुतेकांना आयुष्यभर घ्यावी लागते हो!

आणि सिकलसेल. पोरांची बोटं टोचून पहिली तपासणी झाली. त्यात ज्यांचं रक्त संशयास्पद निघतं त्यांची पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस, करावीच लागते. त्याशिवाय मूल नुसतं वाहक आहे की आजारी, हे कळत नाही. महिन्याने मी त्या यादीबद्दल विचारलं तेव्हा ती वही कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत होती.

"काहीच नसण्यापेक्षा हे बरं ना?" असं मावशी म्हणेल. नाही, मावशी. गोळ्या मिळाल्या म्हणजे इलाज झाला असं आजींना वाटतं, मग त्या आरोग्य केंद्रात कशाला जातील? आणि गोळ्या संपल्यावर लोक आशाताईला धरतात. तिला त्या गोळीचं नावही कुणी सांगितलेलं नसतं.

त्याच मेळघाटात, बैरागडला, डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्यातली कित्येक दशकं काढली. २०१९ साली पद्मश्री मिळाली, पण ते तिथे राहिले ते त्यासाठी नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. सगळ्यांनी घरदार सोडून तिकडे जावं असं मी म्हणत नाही, मी स्वतः कुठे गेलेय! पण धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या महान ट्रस्टचं रुग्णालय आहे. तिथेही शहरातले सर्जन शिबिराला येतात, ऑपरेशनं करून परत जातात. टाके काढायला मात्र कुणीतरी तिथे असतं. माझं भांडण शिबिराशी नाही, मागे कुणीच न राहणाऱ्या शिबिराशी आहे.

असो. काल दादाला फोन केला. म्हटलं, फक्त दातांचं शिबिर कर. अवजारांचे जादा संच आण, निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह आण, त्याचे पैसे मी देते. आरोग्य केंद्राला आधी कळव, रात्री कुणाचं रक्त थांबलं नाही तर त्याने कुठे जायचं ते ठरव. बीपीचं टेबल बंद.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "अगं, पण नुसत्या दातांचे पेशंट किती होणार? फ्लेक्सवर आकडा काय छापायचा?"

विचार करतो म्हणालाय. मावशी, तू एक फोन करशील का त्याला? तुझं तो ऐकतो.