वारा वर्षभर मोजला, गाव मोजायचं राहिलं

मुंबई-नाशिक महामार्गावरचं वडपे हे भिवंडी तालुक्यातलं गाव आता गोदामांमुळे ओळखलं जातं. पत्र्याच्या लांबच लांब शेड, त्यांच्या तोंडाशी रांगेनं लागलेले कंटेनर आणि पलीकडे भिवंडी शहरातले यंत्रमाग. ठाण्याकडे जाणारा रस्ता आठपदरी होतो आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून जवळच्या आमणे गावापर्यंत आला आहे. या सगळ्या पसाऱ्याला वीज लागते आणि ती दरवर्षी जास्तच लागणार आहे. वडप्यात पवनचक्की मात्र दिसत नाही, कारण सह्याद्रीच्या पायथ्याशी तेवढा जोरकस वारा नाही. वारा आहे तो घाटावर: साताऱ्याच्या पठारांवर, धुळ्यातल्या साक्रीत, सांगलीच्या ढालगावात आणि बीड-धाराशिवच्या माळांवर. वीज वापरणारा एका टोकाला आणि पवनचक्कीच्या सावलीत राहणारा दुसऱ्या टोकाला. या दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या पदरात काय पडतं, हे कुणी विचारत नाही. राज्यातल्या पवनऊर्जेचं खरं दुखणं तिथे आहे.

9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून निर्घृण खून झाला. गावाच्या परिसरात अवादा कंपनीच्या पवनऊर्जा प्रकल्पाचं काम सुरू होतं. कंपनीकडे 2 कोटींची खंडणी मागितली गेली, प्रकल्पाच्या जागेवर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, सरपंच मध्ये पडले आणि खंडणीच्या आड आल्यामुळे त्यांचा जीव घेतला गेला, असं तपास यंत्रणेचं आरोपपत्र म्हणतं. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. राज्य ढवळून निघालं, मार्च 2025 मध्ये एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. चर्चा गुन्हेगारीची, जातीची, राजकारणाची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण खंडणीखोरांना पवनचक्कीचं काम इतकं सोयीचं का वाटावं, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

प्रकल्प कसा उभा राहतो ते जवळून पाहिलं की उत्तर सापडतं. सुरुवात होते ती माळावरच्या एका बारीक, उंच खांबापासून. चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेल्या या खांबावर वेगवेगळ्या उंचीवर फिरत्या वाट्या लावलेल्या असतात. त्या वाऱ्याचा वेग टिपतात, शेजारचं पातं दिशा दाखवतं आणि दर दहा मिनिटांची सरासरी नोंदली जाते. हे निदान वर्षभर चालतं, कारण एक अख्खा पावसाळा हाताशी असल्याशिवाय हिशोब जमत नाही. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या वर्षाच्या विजेतला मोठा वाटा मे ते सप्टेंबर या महिन्यांतच देतात. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला 6 मीटरऐवजी 7 मीटर वारा असेल, तर ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. म्हणून कर्ज देणारी बँक या नोंदी डोळ्यांत तेल घालून तपासते. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जमिनीपासून 150 मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता सुमारे 174 गिगावॉट आहे. आजवर उभारलं गेलंय ते जेमतेम 5 गिगावॉटच्या घरात.

वाऱ्याच्या बाबतीत एवढी काळजी घेणारा हा धंदा जमिनीच्या बाबतीत मात्र अंधारात चालतो. कंपनीचा अभियंता नकाशावर चक्क्यांच्या जागा ठरवतो. एकीचा वारा दुसरीनं अडवू नये म्हणून दोन चक्क्यांत भरपूर अंतर ठेवावं लागतं. त्यामुळे दोनशे मेगावॉटचा प्रकल्प एका गावात मावत नाही, तो अनेक गावांच्या शिवारांत पसरतो. प्रत्येक चक्कीपुरती जागा वेगळ्या गटातली, वेगळ्या खातेदाराची. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, वारस सात, त्यातले तीन पुण्या-मुंबईला. हे सगळं निस्तरत बसायला कंपनीला वेळ नसतो. ती हे काम स्थानिक माणसाकडे सोपवते. तो इसार देतो, मुखत्यारपत्र करून घेतो, कुणाला एक भाव सांगतो, कुणाला दुसरा. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांना एकमेकांचा दर कळत नाही. मग रस्त्यासाठी मुरूम कुणाचा, जेसीबी कुणाचे, पाण्याचे टँकर कुणाचे, राखणदार कुणी पुरवायचे, यावरून गट पडतात. काम एक दिवस थांबलं तरी उभ्या क्रेनचं भाडं चालू राहतं, त्यामुळे अडवणूक करणाऱ्याच्या हाती आयतं हत्यार मिळतं. भाव उघड नसला की खंडणी आणि मोबदला यांतली रेघ पुसट होते. मस्साजोगच्या मुळाशी ही जमीन आहे.

यात कायद्याचीही एक पळवाट आहे. पर्यावरणीय मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत जे प्रकल्प येतात, त्यांतल्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. पवनऊर्जा त्या यादीतच नाही. धूर नाही, राख नाही, म्हणून सूट. कारण समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे सगळं गाव एका मांडवात बसून कंपनीला प्रश्न विचारेल, असा एकही प्रसंग कायद्यानं येत नाही. ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव होतो आणि तो कसा होतो, हे गावाकडच्या वाचकाला सांगायला नको.

हे बदलणं अवघड नाही, कारण सौरऊर्जेत याच राज्य सरकारनं ते करून दाखवलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीचं भाडं जाहीर आहे: हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल 5 लाखांचं अनुदान. आकडा कमी की जास्त यावर वाद घालता येईल, पण तो सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यामुळे मधल्या माणसाचं महत्त्व आपोआप कमी होतं. पवनचक्कीच्या जमिनीला असा किमान दर, नोंदणीकृत भाडेपट्टा आणि तो पाहण्याची मुभा का नसावी? दर तालुक्यागणिक वेगळा असू शकेल. तो फळ्यावर लिहिलेला असावा, एवढंच मागणं आहे.

साताऱ्यानं हे सगळं पंचवीस वर्षांपूर्वी भोगलं आहे. पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयावरचं वनकुसवडे पठार आणि तिकडे चाळकेवाडी, ठोसेघर या भागांत नव्वदच्या दशकाच्या अखेरीला चक्क्या उभ्या राहू लागल्या. पुण्याच्या सुझलॉनचा त्यात मोठा वाटा. तिचे संस्थापक तुलसी तांती मूळचे कापड उद्योगातले. विजेच्या बिलानं बेजार होऊन त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि 1995 मध्ये कंपनी काढली. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला ही गोष्ट लगेच पटेल. पण साताऱ्याच्या पठारावर पैसा ओतला गेला तो विजेपेक्षा करसवलतीसाठी. चक्की घेणाऱ्याला सुरुवातीला पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा दाखवता यायचा, पुढे 80 टक्के. फायद्यातल्या कारखान्यानं मार्चअखेर चक्की घ्यायची आणि कर वाचवायचा. ती किती फिरते हा प्रश्न दुय्यम. जमिनी स्वस्तात गेल्या आणि गावाला राखणदाराच्या नोकऱ्या मिळाल्या. पुढच्या दुष्काळी वर्षांत ‘पवनचक्क्यांनी ढग पळवले’ असा समज पसरला. त्याला शास्त्रीय आधार नाही, पावसाचे ढग आणि त्यांना आणणारे वारे या पात्यांच्या आवाक्याबाहेरचे. पण लोक असं का म्हणाले, हे समजून घ्यायला हवं. ज्या यंत्रानं आपला माळ घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही, त्याच्यावर कुठलाही आळ बसतो.

माणसांखेरीज इतरांचाही हिशोब आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकेर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह चाळकेवाडीच्या सड्यावर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी आढळले. घारी-ससाणे हटल्यावर गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेले सरडे तिथे तिपटीनं वाढले. त्यांच्या अंगातली भीतीची संप्रेरकं कमी झाली, खाण्यासाठी आपसांत चढाओढ वाढली, शरीरं रोडावली आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. खडकाळ, ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या सड्यावर केवढी उलथापालथ होते, हे या एका सरड्यानं दाखवून दिलं. खेड तालुक्यात भीमाशंकरजवळ तर त्याहून उघड नुकसान झालं. माधव गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालात त्याची सविस्तर नोंद आहे: शेकरूचं सदाहरित जंगल तोडून डोंगरावर रस्ते कापले गेले, राडारोडा तसाच उतारावर ढकलला गेला, तो खालच्या शेतांत आणि जलाशयांत उतरला, आणि गावकऱ्यांना त्यांच्याच डोंगरावर जायला अडवलं गेलं. पवनऊर्जा वाईट आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. कोळसा जाळून होणारं नुकसान याच्या कैक पट आहे. पावसाळ्यात ढगांनी सौरपटल झाकलेले असतात आणि रात्री तर ते बंदच, तेव्हा हाच वारा राज्याला वीज देतो. तो हवाच आहे. म्हणूनच तो धड रीतीनं यायला हवा.

इथे वडप्यासारख्या ठिकाणच्या ग्राहकाचं वजन कामी येऊ शकतं. 2017 मध्ये पवनऊर्जेचे लिलाव सुरू झाले. पहिल्याच लिलावात दर युनिटला 3 रुपये 46 पैशांवर आला आणि वर्षभरानं महावितरणच्या लिलावात 2 रुपये 85 पैशांपर्यंत घसरला. इतक्या घासाघिशीत कंपनी जिथे काटकसर करू शकते ती जागा म्हणजे जमीन आणि गाव. पण 2022 च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी 100 किलोवॉट मंजूर भाराच्या ग्राहकालाही थेट पवनवीज घेण्याची वाट मोकळी केली आहे. काही गोदामवाले किंवा कारखानदार एकत्र येऊन प्रकल्पात 26 टक्के भांडवल घालू शकतात आणि 51 टक्के वीज वापरून तो स्वतःचा म्हणवू शकतात. बड्या ऑनलाइन विक्रेत्यांना आपल्या गोदामावर ‘हरित’ अशी पाटी हवी असते. त्यांनी वीज घेताना जमिनीचे भाडेपट्टे आणि ग्रामसभेचे ठराव पाहायला मागितले, तर विकणाऱ्याला ते नीट ठेवावे लागतील.

जमीनवाल्याला भागीदार करून घेणं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. साखर कारखाने ऊस उत्पादकांच्या भागभांडवलावर उभे राहिले. सुझलॉनचं मुख्यालय ज्या हडपसरात आहे, तिथेच सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली 400 एकरांच्या आसपासची जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली आणि जमिनीच्या प्रमाणात त्यात भागधारक झाली. डेन्मार्कनं 2008 च्या कायद्यानं चक्कीपासून साडेचार किलोमीटरांत राहणाऱ्यांना किमान 20 टक्के समभाग देऊ करणं बंधनकारक केलं होतं. हडपसरला जमलं ते केज आणि पाटणला का जमू नये, याचं समाधानकारक उत्तर ऊर्जा खात्यानं द्यायला हवं.

संधी समोर आहे. साताऱ्यातल्या पहिल्या पिढीच्या चक्क्यांचं आयुष्य सरत आलं आहे. त्या काळातली कित्येक यंत्रं 350 किलोवॉटची. आजची 3 मेगावॉटची, सत्तर मीटर लांबीच्या पात्यांची. राज्यातला उत्तम वारा सर्वांत लहान यंत्रांनी अडवून ठेवला आहे. केंद्राच्या डिसेंबर 2023 च्या धोरणानं 2 मेगावॉटखालच्या चक्क्या बदलायला प्रोत्साहन दिलं आहे. काम सोपं नाही. एका पठारावर अनेक मालक, नव्या एका चक्कीसाठी जुन्या चार-पाच हलवाव्या लागणार, लांब पाती वळवण्यासाठी घाटातली वळणं रुंद करावी लागणार, आणि उतरवलेल्या फायबरच्या पात्यांचं काय करायचं हेही ठरायचं आहे. पण नवे डोंगर फोडण्याआधी हे जुने माळ हाती घेणं शहाणपणाचं, आणि तेही पहिल्यासारखं नव्हे. बदलाची परवानगी देण्यापूर्वी महाऊर्जा या राज्य सरकारच्या अपारंपरिक ऊर्जेसाठीच्या संस्थेनं एकच अट घालावी: वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरच्या ग्रामसभांपुढे प्रत्येक जुन्या चक्कीनं आजवर किती युनिट वीज दिली, जमिनीचा किती मोबदला दिला, पंचायतीचा किती कर थकवला, हा तक्ता मराठीत मांडावा, आणि नव्या यंत्राचा भाडेपट्टा त्याच सभेत, सगळ्यांसमोर वाचून दाखवावा.