ओलाव्याचे यंत्र शाळेत कधी येणार?



सीसीआयच्या केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर ओलाव्याचे यंत्र कापसात खुपसतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. राग येतो. पण आकडा आपल्या डोळ्यांदेखत लागतो आणि भांडायचे कोणाशी हे ठाऊक असते. आपली पोरे ज्या शाळेत जातात तिथे एवढीही सोय नाही.

माझ्या गावातली गोष्ट. पाचवीतला पोरगा, प्रगतिपुस्तकात भाषेला अ-२. बापाने काटापट्टी त्याच्या हातात दिली, म्हणाला, वाच रे, कटती किती लावली. पोराने पट्टी उलटीसुलटी केली आणि मान खाली घातली. बापाने शिव्या घातल्या त्या पोराला. शाळेत जाऊन विचारावे हे त्याच्या मनातही आले नाही. माल परत आला तर दोष शेतकऱ्याचा, वाचता आले नाही तर दोष शेतकऱ्याच्या पोराचा, हे आपण मुकाट मान्य करून बसलो आहोत.

हे एका गावाचे दुखणे नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशातल्या खेड्यांतील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा धडा वाचता आला नाही.

मग चाचण्या कमी पडल्या का? चाचण्यांचा तर सुकाळ आहे! २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले; आकारिक, संकलित, वर्णनात्मक नोंदी. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला आणि पायाभूत चाचण्या घेऊन आला. २०२१ च्या नोव्हेंबरात दिल्लीची संपादणूक पाहणी, २०२४ च्या डिसेंबरात दिल्लीचीच 'परख'. आठवीपर्यंत नापास न करण्याचा नियमही फिरला आणि २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. प्रत्येक वेळी कागद वर गेला: केंद्रप्रमुखाकडे, तालुक्याला, जिल्ह्याला, पुण्याला, दिल्लीला. ज्या बापाचे पोर मोजले त्याच्या ओसरीवर त्यातला एक कागद आला का? पिकाची आणेवारीही अशीच वरच्या वर ठरते, म्हणून आपल्याला त्याचे नवल वाटत नाही.

गुरुजींना झोडपणे सोपे आहे. मी ते करणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरे काम देऊ नये. प्रत्यक्षात दोन शिक्षकी शाळेतला एक गुरुजी माहिती भरत बसतो आणि दुसरा चार वर्ग एकत्र सांभाळतो. वर प्रशिक्षणे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले. सांगितले ते बरेच केले. पण मोबाईलवर 'पुढे, पुढे' दाबून प्रमाणपत्र निघत असेल, तर पाचवीत अक्षर न ओळखणाऱ्या पोराला कसे शिकवावे हे त्यात कोण कोणाला दाखवणार? आणि प्रशिक्षण शाळेच्या दिवशी ठेवले की त्या दिवशी पोरे ढोरामागे.

जोतिबांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले की सरकारची तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. नांगर धरायला न लाजणारे, शेतकरी वर्गातले शिकलेले मास्तर त्यांनी मागितले होते. आज मास्तर बहुतेक आपल्याच घरातले आहेत. तरी त्यांचा पगार, बदली, चौकशी सगळे वरून, म्हणून त्यांची मानही वरच वळलेली. त्यात त्यांचा काय दोष?

कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. आपल्यातले किती जण या समितीवर आहेत आणि किती जणांनी सही नुसती घरपोच आलेल्या वहीवर केली, हे ज्याचे त्याने आठवावे. मीही एकदा केली आहे.

तेव्हा मागण्या साध्या. प्रत्येक चाचणीचा निकाल पालकाला तोंडाने समजावून सांगा. वर्षातून दोनदा, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला, शाळेच्या आवारात गावासमोर शाळेचा निकाल वाचा: कोणत्या वर्गात किती मुले धडा वाचतात, किती भागाकार करतात. कोण्या लेकराचे नाव घेऊ नका, आकडा सांगा. प्रशिक्षण सुट्टीत घ्या आणि त्यानंतर वर्गात काय बदलले ते समितीला सांगा. बिनकामाची माहिती मागणाऱ्या साहेबाने ती का लागते हे लेखी द्यावे.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या शाळेच्या समितीची यादी आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त घेऊन या. मिळाले नाही तर कोणी दिले नाही, ते लिहून आणा. महिला आघाडीच्या बहिणींनी हे काम आधी हाती घ्यावे. वहीवर सह्या त्यांच्याच जास्त आहेत.