नळ्या उपटणाऱ्यांचा इतिहास

१/ जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये एक कथा इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते की तिच्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. १९७० पूर्वीच्या अमेरिकन मोटारी म्हणे साध्या, बलदंड आणि प्रामाणिक होत्या. मग सरकारने धुराचे कायदे केले, कंपन्यांनी इंजिनावर रबरी व्हॅक्यूम नळ्यांचे जाळे चढवले आणि गाड्यांचा प्राण गेला. सबब नळ्या उपटा, तोंडे बुजवा, गाडी ‘मूळ रूपात’ येईल. मित्रहो, ही कथा इतिहास म्हणून टिकत नाही. आणि तिच्या नावाखाली जे चालले आहे त्याला आपल्या शास्त्रात साधनांचा नाश म्हणतात.

२/ नळ्यांत असते काय? पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा बराच कमी दाब तयार होतो. निरोगी इंजिन आयडलवर असताना हा फरक साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका भरतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो शून्याच्या जवळ येतो. म्हणजे या पोकळीत शक्ती आहे आणि वार्ताही आहे: इंजिनावर या क्षणी किती भार आहे, याची. गाडीत संगणक येण्यापूर्वी ही वार्ता रबरी नळीतून जाई आणि दुसऱ्या टोकाचा डायफ्रॅम ती वाचून एखादा दांडा हलवी.

३/ ‘नळ्या म्हणजे धुराच्या कायद्याची पिलावळ’ या समजुतीला उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आमच्या आजोबांच्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये कार्ब्युरेटरपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत एक बारीक नळी जात असे. हलक्या भाराखाली सिलिंडरमधील मिश्रण विरळ असते, सावकाश जळते. म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. ते काम ही नळी करी. भारतात पेट्रोल मोटारींच्या उत्सर्जनाच्या वस्तुमानावर पहिली मर्यादा आली १९९१ मध्ये. अ‍ॅम्बॅसॅडर त्याच्या तीन दशकांहून अधिक आधीची. (एका गॅरेजात ती नळी ‘काही कामाची नाही’ म्हणून तोंडात स्क्रू घालून बंद करण्यात आली. गाडीचे अ‍ॅव्हरेज घसरले आणि आजोबा पुढे कित्येक महिने पेट्रोलपंपवाल्याला भेसळखोर म्हणत राहिले.)

४/ याच कथेचा अधिक विद्वान अवतार असा: डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधूनच द्यावा, थ्रॉटलच्या झडपेलगतच्या छिद्रातून, म्हणजे आयडलवर शून्य राहील असा, देण्याची पद्धत हा केवळ धूर कमी करण्यासाठी काढलेला डाव होता. ऐकायला पटते. आता कालक्रम लावू. निकासाच्या धुरावर पहिली मर्यादा कॅलिफोर्नियात १९६६ च्या मॉडेलांना लागू झाली. ब्रिटिश एमजीबी बाजारात आली १९६२ मध्ये, आणि तिची नळी कार्ब्युरेटरवरील अशाच छिद्राला जोडलेली होती. त्याहून मौज म्हणजे पुढे अमेरिकी नियम कडक झाल्यावर तिथे जाणाऱ्या एमजीबीची हीच नळी मॅनिफोल्डला जोडण्यात आली. बरोबर उलट! एका कंपनीने एका काळात केलेली तडजोड सगळ्या गाड्यांचा सिद्धान्त म्हणून खपवली की असेच होते.

५/ कथेत अर्धे सत्य आहे, ते मी नाकारत नाही. सत्तरच्या दशकात नळ्या खरोखरच वाढल्या. पण का? १९५० च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की लॉस एंजेलिसचे डोळे झोंबवणारे धुरके मोटारींतील न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाश पडून तयार होते. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने मोटार कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा की धूर नियंत्रणाची साधने लांबणीवर टाकण्यासाठी कंपन्यांनी संगनमत केले. त्याच वर्षी तडजोडीने तो मिटला. ३१ डिसेंबर १९७० रोजी निक्सन यांनी स्वच्छ हवा कायद्याच्या दुरुस्तीवर सही केली: १९७५ पर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी करा. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, ते वेगळे. पण त्या नळ्यांच्या गुंत्यात कायद्याइतकीच कंपन्यांची आधीची दिरंगाईही दिसते, हे ‘सरकारने गाडी मारली’ म्हणणारे सोयीस्कर विसरतात.

६/ आणि ती सुप्रसिद्ध ‘घसरलेली अश्वशक्ती’. कॅडिलॅकच्या ५०० घनइंची इंजिनाची नोंद १९७० मध्ये ४००, १९७१ मध्ये ३६५, १९७२ मध्ये २३५. एका वर्षात १३० घोडे पळाले? पळाले नाहीत. १९७२ पासून मोजण्याची रीत बदलली. पूर्वी इंजिन उघडे, पंखा-सायलेन्सरविना मोजत. आता ते गाडीत बसते तसे मोजू लागले. त्याआधीची ३५ ची घट प्रामुख्याने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवल्यामुळे. दोन वेगळ्या मापांनी घेतलेल्या नोंदी शेजारी मांडून निष्कर्ष काढणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या वर्गातही कोणी उत्तीर्ण करणार नाही.

७/ उपटल्यावर होते काय? ईजीआर झडपेचे उदाहरण घ्या. १९७३ च्या मॉडेलांपासून ती सर्रास दिसते. थोडा जळलेला वायू परत सिलिंडरमध्ये सोडून ती ज्वलनाचे तापमान उतरवते, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी. पण त्या इंजिनाचे टायमिंग ही झडप चालू आहे असे गृहीत धरून आखलेले असते. नळी काढून तोंड बुजवले की अनेक इंजिने मध्यम वेगात टकटक करू लागतात. मग मालक टायमिंग मागे घेतो, पिकअप जातो, आणि तोच मालक म्हणतो, ‘सत्तरच्या गाड्या अशाच मरतुकड्या.’ स्वतःच पान फाडायचे आणि ग्रंथ अपुरा म्हणून हिणवायचा!

८/ नळ्या पुन्हा जोडणे हे काम मला पाठचिकित्सेसारखेच वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती हस्तलिखितांची एकमेकांशी तुलना करून, एखाद्या सोप्या प्रतीवर भिस्त ठेवून नव्हे. बॉनेटखालचे उत्सर्जनाचे स्टिकर ही आपली पोथी, आणि कित्येक गाड्यांत त्यावरच नळ्यांचा नकाशा छापलेला असतो. पण तेच इंजिन कॅलिफोर्नियासाठी निराळे, इतर राज्यांसाठी निराळे. ऑटोमॅटिक गिअरचा नकाशा वेगळा, हाताच्या गिअरचा वेगळा. मधल्या काळात कोणी इंजिन बदलले असेल तर स्टिकर एका शाखेचे आणि इंजिन दुसऱ्या. म्हणून आधी इंजिनाचा क्रमांक आणि स्टिकर यांचा मेळ घाला. मग नळीला हात लावण्यापूर्वी फोटो काढा, आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा. एका टोकाला बांधलेली चिठ्ठी दुसरे टोक निसटले की निरुपयोगी.

९/ उगमापासून निघा: मॅनिफोल्डवरील एक तोंड, त्यातून निघणारी एक नळी, ती संपते तिथपर्यंत. नळी तोंडावर नीट बसते म्हणून ती तिथलीच, असे मानू नका. मागच्या मालकालाही ती बसलीच होती. टोपण लावून बुजवलेले प्रत्येक तोंड संशयित प्रक्षेप समजा. प्रत्येक डायफ्रॅमला हातपंपाने व्हॅक्यूम द्या. काटा पडत गेला तर डायफ्रॅम फाटलेला आहे. विलंब करणाऱ्या चकतीसारख्या झडपांना दिशा असते, उलटी बसवली की त्या बसवूनही नसल्यासारख्याच. पाण्याच्या तापमानावर चालणारे व्हॅक्यूम स्विच लोक सर्वांत आधी फेकतात. वास्तविक त्यांतील काही असे की इंजिन जास्त तापले तर डिस्ट्रिब्युटरला पूर्ण व्हॅक्यूम देऊन ते थंड व्हायला मदत करतात. कडक झालेली नळी त्याच आतल्या व्यासाची घेऊन बदला, एका वेळी एकच. गळती शोधायला तापल्या इंजिनावर पेट्रोलजन्य फवारा मारण्याचा शूरपणा करू नये. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे फिरवत्या पंख्यापासून दूर ठेवत जोडांवरून नेले की सुस्कारा ऐकू येतो.

१०/ ‘आम्हाला गाडी चालवायची आहे, संग्रहालयात ठेवायची नाही,’ असे उत्तर येईल. चालवा की! पूर्ण जोडलेली गाडीच चांगली चालते, हे वर आलेच. बदल करायचा तर मालकी तुमची आहे. मात्र काढलेले भाग चिठ्ठीसह पिशवीत ठेवा आणि केलेला बदल लिहून ठेवा. माझा आक्षेप आहे तो नळ्या उपटलेल्या १९७६ च्या गाडीला प्रदर्शनात ‘अस्सल’ असा फलक लावण्याला. ती गाडी १९७६ मध्ये कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडलेली नाही.

११/ ज्यांच्या घरी किंवा ओळखीत अशी गाडी आहे त्यांना एक विनंती. बॉनेट रंगायला जाण्यापूर्वी आतल्या स्टिकरचा स्वच्छ उजेडात, समोरून फोटो काढा. शेजारी इंजिन क्रमांकाचाही. रंगारी ते स्टिकर खरवडून काढतो, आणि बहुतेकदा त्याआधी विचारत नाही.