काढलेला भाग मालकाच्या हाती द्या

गाडीत नेमके काय बिघडले होते, ते कोणी उघडले, कोणता भाग काढला आणि त्याच्या जागी काय बसवले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर खात्रीने देता येत नसताना हजारो रुपयांच्या बिलावर सही करून गॅरेजबाहेर पडणारा सुशिक्षित, व्यवहारदक्ष गृहस्थ हे आपल्या शहरांतील नित्याचे दृश्य झाले आहे. वाण्याकडून पावशेर डाळ घेताना तराजूच्या काट्यावरून दृष्टी न हलवणारा हाच मनुष्य गाडीचे बोनेट उघडले की मौन धरतो, आणि पुढे कित्येक दिवस आपण लुबाडले गेलो की नाही याच विवंचनेत राहतो. या अस्वस्थतेला भक्कम कारण आहे आणि ते दूर करणे सर्वस्वी आपल्या हातचे आहे, अशी माझी खात्री असल्यामुळे हा प्रश्न येथे मांडीत आहे.

बिघाड कोणता हे ठरवणारा, त्यासाठी लागणारा भाग विकणारा आणि तो बसवण्याची मजुरी घेणारा मनुष्य या धंद्यात एकच असतो, आणि त्याचे सारे काम मालकाच्या नजरेआड चालते. खरेदीपूर्वी तर नाहीच, पण वापर केल्यानंतरही ज्यांची गरज वा गुणवत्ता ग्राहकाला पारखता येत नाही अशा सेवांचा विचार मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी 1973 साली एका निबंधात केला होता. यंत्रांची दुरुस्ती त्याच वर्गात मोडते. गाडी सुरळीत चालू लागली, एवढ्यावरून बदललेला प्रत्येक भाग बदलण्याजोगाच होता असे काही सिद्ध होत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या चाकापाशी ‘खट्’ असा आवाज येतो. तो लिंक रॉडचा असेल, लोअर आर्मच्या झिजलेल्या बुशचा असेल, बॉल जॉइंटचा असेल किंवा शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचाही असेल. लिंक रॉडचे काम काही शे रुपयांत होते, दोन्ही बाजूंचे लोअर आर्म आणि शॉकअप बदलायचे म्हटले तर तोच आकडा कित्येक पटींनी वाढतो, आणि सगळेच बदलले तर आवाज अर्थातच जातो. माझ्या गाडीला असा आवाज येऊ लागला तेव्हा एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने गाडी रॅम्पवर न चढवताच दोन्ही लोअर आर्म बदलण्याचे अंदाजपत्रक पुढे केले. त्यानंतर आमच्या पेठेतील एका वयस्क मिस्त्रींनी गाडी जॅकवर उचलली, लोखंडी पहार आर्मच्या बुशापाशी घालून जोर दिला आणि तो जागचा हलत नाही हे मला दाखवले. मग लिंक रॉड माझ्याच हातात धरायला लावून, “आता हलवून बघा, साहेब,” म्हणाले. रॉडच्या टोकाशी स्पष्ट खेळ होता आणि आवाजही तोच होता. त्यांनी पाच मिनिटांत जे केले त्याला मी पुरावा म्हणतो, आणि दुरुस्तीच्या धंद्यात ज्याची तीव्र टंचाई आहे ती वस्तू हीच.

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी रस्त्यावर होती त्या काळी ही टंचाई एवढी जाणवत नसे, कारण कार्ब्युरेटर उघडला की त्यातला कचरा डोळ्यांनी दिसे, काँटॅक्ट पॉइंट झिजलेला असला तर बोटाला लागे, आणि शेजारी उभ्या असलेल्या मालकाला निम्मे शास्त्र अनायासे अवगत होई. आजच्या इंजिनाचा कारभार संगणकाच्या स्वाधीन आहे. स्कॅनर जोडला की पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो, आणि त्या क्रमांकाला वेदवाक्य मानून भाग बदलले जातात. वस्तुतः पी-0301 हा क्रमांक पहिल्या सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन नीट होत नाही एवढेच सांगतो. दोष प्लगमध्ये आहे, कॉइलमध्ये आहे की इंजेक्टरमध्ये, हे शोधण्याचे काम त्यानंतर सुरू होते. कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहिली आणि दोष तिच्याबरोबर सरकला तर कॉइल दोषी, इतकी ही परीक्षा सोपी आहे. ती न करता तिन्ही वस्तू बिलात चढवल्या जातात, तेव्हा मालक आपल्या पैशाने मिस्त्रीच्या आळसाची भरपाई करीत असतो.

परंतु सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मोठ्या सर्व्हिस सेंटरमधील ॲडव्हायझरच्या डोक्यावर महिन्याच्या विक्रीचे उद्दिष्ट टांगलेले असते. इंजिनाची कार्बन-सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण, तळाला कोटिंग अशा बाबी जॉब कार्डावर निमूटपणे का चढतात, याचे उत्तर तेथे आहे. छोट्या गॅरेजवाल्याची कथा निराळी. दोन तास घालवून त्याने अचूक दोष शोधला आणि तो केवळ सैल झालेल्या वायरीचा निघाला, तर त्या दोन तासांचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, “नुसती वायर तर लावली, त्याचे कसले पैसे?” असे आपणच विचारतो. निदानाला मोल नाही आणि भागाला मात्र आहे, अशी व्यवस्था आपण निर्माण केल्यावर तो आपली मजुरी नाना पेठेतून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेल्या सुट्या भागाच्या नफ्यात वसूल करतो, आणि तो भाग कंपनीचा की डुप्लिकेट, याची शहानिशा करण्याचे साधन मालकापाशी नसते. निदानाची फी वेगळी आणि रोख देण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे, हे मी ग्राहकांना स्पष्टपणे सांगू इच्छितो.

ज्ञान कोंडून ठेवण्याचा अपराध मात्र कंपन्यांचा आहे. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. भाग व उपकरणे खुल्या बाजारात उपलब्ध करा आणि बाहेरच्या गॅरेजात दुरुस्ती केली एवढ्याच सबबीवर सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असा आयोगाचा हुकूम होता. अनेक कंपन्यांनी वरच्या दरबारी दाद मागितली आणि प्रकरण लांबत गेले. “बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली,” हे वाक्य आजही काउंटरवर ऐकू येते. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश केला आणि पोर्टलही सुरू केले. पण पोर्टलवर माहिती ठेवणे निराळे आणि कायद्याची सक्ती निराळी.

कायद्याचे पारडे सध्या कोणीकडे झुकले आहे तेही पाहण्याजोगे आहे. 1872 च्या करार कायद्याचे कलम 170 असे सांगते की, ज्याने वस्तूवर श्रम व कौशल्य खर्च केले त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडकवून ठेवता येते. गॅरेजवाल्याला हे संरक्षण मिळावे हे न्याय्यच आहे. परंतु ज्या कामाचा मोबदला तो मागतो आहे त्याला मालकाची आगाऊ संमती होती का, हे सिद्ध करणारा कागद बहुधा अस्तित्वातच नसतो, आणि गाडी आत अडकली असताना वाद घालण्याची हिंमत कोण करणार? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवा देऊन बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली, हे चांगलेच झाले; पण बिल हे काम उरकल्यानंतरचे दफ्तर आहे. शिवाय गाडी हाकणाऱ्याला परवाना लागतो, तिचे ब्रेक उघडून पुन्हा जोडणाऱ्याला लागत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो पुरा केलेला तरुण आणि कालपर्यंत चहा आणून देणारा पोर, दोघेही एकाच गाडीखाली एकाच अधिकाराने शिरतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1971 सालीच या धंद्यासाठी स्वतंत्र कायदा केला. कामाला हात लावण्यापूर्वी लेखी अंदाज द्यायचा, खर्च त्यापलीकडे जाणार असेल तर मालकाची संमती घ्यायची आणि काम सोपवताना मालकाने मागणी केली असेल तर काढलेले भाग त्याला परत करायचे, असे त्याचे स्वरूप आहे. यात आपल्याला न झेपणारे असे काहीही नाही. कार्यशाळेच्या लोखंडी पिंपातून उचललेला कोणताही तेलकट तुकडा “हाच तुमचा” म्हणून पुढे करण्याची चाल बंद व्हावी, यासाठी काढलेल्या भागावर गाडीचा क्रमांक खडूने लिहून तो मालकाच्या डिकीत ठेवण्यास एक मिनिटही लागत नाही.

राज्याच्या परिवहन खात्याने लेखी अंदाज, वाढीव खर्चास संमती आणि जुना भाग परत, या तीन बाबी प्रत्येक गॅरेजला, मग ते काचेच्या दर्शनी भिंतींचे असो की पत्र्याच्या शेडमधले, बंधनकारक करणारा नियम करावा, अशी माझी मागणी आहे. तो होईपर्यंत वाचकांनी गाडी सोपवतानाच जॉब कार्डावर स्वतःच्या हाताने एवढे लिहावे: “काढलेले सर्व भाग परत हवेत, अंदाजापेक्षा जास्त काम विचारल्याशिवाय करू नये.” आणि त्याखाली गॅरेजवाल्याची सही घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.