दोन दिवसांची बॅग

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या दादांनी माझी बॅग काट्यावर ठेवली आणि हसायलाच लागले. "ताई, दळण आणलंय का यात?" काटा ११ किलो २०० ग्रॅम दाखवत होता. जायचं होतं पुण्याला, दोन रात्रींसाठी, तेही मे महिन्यात. सोबत लेकरं नाहीत, कुणाचं लग्न नाही. मग एवढं भरलं तरी काय होतं मी?

बॅग काट्यावर ठेवायची बुद्धी झाली ती भाचीमुळे. ती नोकरीनिमित्त विमानानं ये-जा करते. विमानात सोबत ठेवायच्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते म्हणे. "मामी, ७ किलोत माझे चार दिवस निघतात," असं ती सहज म्हणून गेली. आपल्याला कुठं विमानात बसायचंय, आपली लालपरी कितीही वजन घेते, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी बॅग पलंगावरून खाली घेताना पाठीत कळ आली, तेव्हा तिचे शब्द आठवले.

मैत्रिणींनो, आधी हे सांगायला हवं की आम्ही चौघी पुण्याला कशाला निघालो होतो. कशालाच नाही! फिरायला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमचं नुसतं ठरत होतं. ठरता ठरता दोन वर्षं गेली, कारण प्रत्येकीच्या घरी एकच प्रश्न, "काम काय काढलं?" कामाशिवाय बाईनं गावाला जायचं असतं, हे आपल्याकडं कुणाला पटतच नाही. आमच्यातल्या एकीनं तर शेवटी सासऱ्यांना सांगितलं, डोळे दाखवायचेत. डोळ्यांना काही झालं नव्हतं.

या कामाचा आणि बॅगेचा संबंध आहे बरं का. लग्नाची बॅग आपल्याला भरता येते. दवाखान्याची तर झोपेत भरता येते: चादर, टॉवेल, थर्मास, रिपोर्टची पिशवी. देवदर्शनाची येते, लेकीच्या बाळंतपणाची येते. नुसतं स्वतःसाठी दोन दिवस जायचं म्हटल्यावर काय घ्यायचं, हे मात्र वयाच्या पंचेचाळिशीत मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी सगळंच घेतलं.

गिरणीवरून परत येऊन बॅग पलंगावर पालथी केली. कुणी जेवायला बोलावलं तर असू द्याव्यात म्हणून दोन जरीच्या साड्या. त्यांचे परकर, ब्लाऊज. भलामोठा टर्किश टॉवेल. चादर. घरातल्या यच्चयावत माणसांना लागतील अशा गोळ्या, जणू ते सगळे माझ्या मागोमाग येणार होते. दोन जोड चपला. आणि शेवया-कुरडयांचा डबा. उतरायचं होतं एका मैत्रिणीच्या बहिणीकडं, रिकाम्या हातानं कसं जायचं? मेमध्ये घरात ताज्या कुरडया असताना तर नाहीच नाही. डबा मी काढला नाही. येताना त्याच जागेत तुळशीबाग बसते, हा हिशेब होता.

बाकीचं मात्र निवडायला बसले. तेव्हा मी ज्या वस्तीवर कामाला जाते तिथली एक ऊसतोड करणारी मावशी आठवली. सहा महिन्यांचा संसार ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांधते. तिच्या कपड्यांचं बोचकं केवढं? उशीएवढं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "एक अंगावर, एक दांडीवर. तिसरं कशाला लागतंय?" तिच्याकडं तिसरं धड लुगडं नाही म्हणून ती असं म्हणते, हे मला कळतं, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण पुण्याच्या दोन दिवसांसाठी साडीच्या आठ घड्या भरणाऱ्या माझ्यासारखीला त्यात ऐकण्यासारखं होतं.

एक अंगावर, एक दांडीवर, आणि एक हौसेचं. असं ठरवलं. प्रवासाला अंगावर सुती कुडता आणि सलवार. बॅगेत दुसरा कुडता, त्याच सलवारीवर चालेल अशा रंगाचा. हौसेची एक साडी. इथंच आपण चुकतो. हौस म्हटलं की आपला हात जरीकडं जातो. मे महिन्यात घामानं जरीच्या साडीला काखेत पांढरे डाग पडतात, ती अंगाला टोचते आणि वजनाला किलोच्या आसपास भरते. मी मलमलची साडी घेतली, खळ न घातलेली, गर्द निळी. घडी विस्कटली तरी तिला वाईट दिसत नाही. सोबत खणाचा ब्लाऊज. खणाचा एक चांगला शिवलेला ब्लाऊज कुठल्याही साध्या साडीला जरीची शोभा आणतो, हे माझं मत आहे, आणि आजपर्यंत कुणी खोडून काढलेलं नाही. इरकल नेसणाऱ्यांनी सुती इरकल घ्यावी, तिच्या पदरापुढं दागिन्याची गरजच पडत नाही. तसंही सोनं घरी ठेवावं. एसटीत चढतानाच्या गर्दीत एक हात दांड्याला आणि एक गळ्याला, अशी कसरत कशाला?

टर्किश टॉवेलऐवजी पंचा. तो तासाभरात वाळतो. एक गाऊन, आतले कपडे तीन जोड, पाळीची सोय (तारीख नसली तरी), सेफ्टी पिना, ओआरएसच्या दोन पुड्या. कपडे घडीऐवजी गुंडाळी करून ठेवले की कमी चुरगळतात, आणि साडी, परकर, ब्लाऊज एकाच पिशवीत ठेवले की लोकांच्या घरी शोधाशोध होत नाही. पुण्याची उन्हाळी हवा कोरडी, रात्री पिळून टाकलेला कुडता सकाळी वाळतो. मुंबईला जाणार असाल तर हे गणित चालणार नाही. तिथं दमटपणा एवढा की सकाळी कपडा ओलसरच हाती येतो. तिथं एक जोड जास्त घ्या, आणि पॉलिस्टर तर घेऊच नका, ते घाम पीत नाही, अंगाला चिकटून बसतं. चप्पल एकच, मागून पट्टा असलेली. नवी कोरी मुळीच नको.

डब्यासकट बॅग साडेसहा किलो भरली. मी ती एका हातानं एसटीच्या वरच्या फळीवर टाकली. कंडक्टरला "दादा, जरा हात लावा" म्हणावं लागलं नाही.

आमच्यातल्या डोळे दाखवायला निघालेल्या मैत्रिणीची बॅग मात्र दोघींना उचलावी लागली. नऊवारी सोडून तिच्या सासूबाईंना काही माहीत नाही, आणि हिला लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी घरी साडीच. बॅगेत वरती चार साड्या होत्या. त्यांच्या खाली, अगदी तळाला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला लेकीचा पंजाबी ड्रेस, आंबा रंगाचा. म्हणजे बघा, एक ड्रेस लपवायला चार साड्यांचं ओझं! माझ्याही ११ किलोत असंच होतं. मी निवडून बाहेर काढलं त्यातलं निम्मं तरी "लोक काय म्हणतील" या धास्तीनं भरलेलं होतं. कुणी जेवायला बोलावलं तर, कुणी ओळखीचं भेटलं तर. ज्यांच्यासाठी ही तयारी करतो ते लोक दोन दिवसांत भेटतही नाहीत.

पुण्यात दुसऱ्या दिवशी तिनं तो ड्रेस घातला. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही जमिनीखालची मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, मंडई स्टेशनला उतरलं की तुळशीबाग चालत. सरकत्या जिन्यावर मी आपली निऱ्या वर धरून देवाचं नाव घेत उभी, आणि ही बाई आमच्यापुढं तरातरा चालत वर! राजा केळकर संग्रहालयात जुन्या बायकांचे अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री बघत ती कितीतरी वेळ थांबली. म्हणाली, "पाय घासायच्या वस्तूवर सुद्धा एवढं नक्षीकाम करायचे गं!"

परतताना ती ड्रेसमध्येच गाडीत बसली. अहिल्यानगरला गाडी थांबली तेव्हा तिनं आमच्याकडं पाहिलं. "बदलू का?" कुणी काही बोललं नाही. मला बोलायचं होतं, पण घर तिचं होतं, ऐकून घ्यायला आम्ही थोड्याच जाणार होतो? ती पिशवी घेऊन उतरली आणि साडी नेसून आली.

चार दिवसांनी मी शेवयांचा रिकामा डबा द्यायला तिच्याकडं गेले, तिचाच होता तो. सासूबाई ओसरीत लसूण निवडत बसल्या होत्या. आंबा रंगाचा ड्रेस धुऊन वाळत घातलेला होता, मागच्या परसात नाही, पुढच्या अंगणातल्या दोरीवर.

सासूबाई म्हणाल्या, "डोळे दाखवून आल्यापासून हिला बरं दिसायलंय म्हणं."