कलांतराचे व्याज

आवाज कमी करायचा असेल, तर माइक दोन लावावेत! वाचकांना ही थट्टा वाटेल. पण गेल्या माघात आसनगावाजवळच्या एका पाड्यावर आम्ही तिचे प्रत्यंतर घेतले.

भौतिकीच्या मराठी परिभाषेत लहरीच्या अवस्थेला ‘कला’ म्हणतात आणि दोन लहरींतल्या तफावतीला ‘कलांतर’. जुन्या मराठीत कळांतर म्हणजे व्याज. हे व्याज मात्र मुद्दलच खाते. त्याचे असे आहे, की ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. दुसरा माइक तोंडापासून ३४ सेंटिमीटर अधिक दूर असला, तर त्याला आवाज एक सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यात सेकंदाला ५०० कंपनांचा स्वर नेमका अर्धी लहर पुढे गेलेला असतो. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो, आणि दोन्ही माइक एकत्र ऐकले की तो स्वर खचतो. म्हणून जाणकार सांगतात : तोंडापासून माइकाचे जे अंतर, त्याच्या किमान तिप्पट दोन माइकांत ठेवा.

आम्ही गेलो होतो जात्यावरच्या ओव्यांसाठी. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी अशा ओव्यांचे केवढे भांडार जमवले! आमच्या पदरी एक आजी, समोर खुंट्याला हात लावून बसलेली त्यांची सून, आणि सूपभर नाचणी. दळण सरले की ओवी सरली. नुसते बसून म्हणायची ती ओवी नव्हे, असे आजींनी आधीच बजावले होते.

माइक दोघींपुढे एकेक. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही ठणठणीत. एकत्र करताच जात्याची घरघर नाहीशी आणि आजींचा आवाज पत्र्याच्या डब्यातला! अंतर तर मोजून ठेवलेले. ध्वनिमुद्रक तरुण म्हणाला, “सर, हे अंतराचं नाही. एक केबल उलटी जोडलेली आहे.” भाड्याने आणलेल्या त्या केबलीत दुसऱ्या आणि तिसऱ्या टाचणीच्या तारांची अदलाबदल झाली होती. अशा वेळी लहर उशिरा येत नाही, सबंध उलटी होते. आणि खर्जाच्या लांब लहरी दोन्ही माइकांत सारख्याच शिरत असल्याने आधी त्याच एकमेकींना खातात. त्याने यंत्रावरचे एक बटण दाबले. जाते पुन्हा घुमू लागले.

दोन्ही माइक निरनिराळ्या पट्ट्यांवर घेतलेले असल्याने आधीच्या ओव्याही घरी बसून सुलट्या करता आल्या. एका ओवीच्या मधोमध कसाऱ्याच्या गाडीचा भोंगा आहे, तो राहिला.